मिस्त्रींचा कान, बूस्टचा काटा

आमच्या मिस्त्रींचे कान गेले कारखान्यात, पण अब्रू गेली ती एका बांगडीएवढ्या मीटरपायी. ऐकायचं असेल तर नीट ऐका. मधे मधे ‘बिचारा’ म्हणायचं नाही. तो शब्द ऐकून ऐकून मी विटले आहे.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा, नरेंद्र. नावाने हाक मारणारी त्यांची आई होती, ती गेली. मग अख्ख्या अंबरनाथने मिस्त्री म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मीच काय वेगळी? लग्न झालं तेव्हा ते एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होते. पत्रा आत, धाड्, डबा बाहेर. पत्रा आत, धाड्, डबा बाहेर. कानात घालायला कापसाचा बोळा, तोही घरून न्यायचा. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने पगाराचा हिशेब केला. कानांचा हिशेब कोण करणार?

मग बदलापूर रोडला एक गाळा भाड्याने घेतला आणि गॅरेज टाकलं. शिकले कुठे म्हणाल, तर प्रेस बिघडली की हेच खोलायचे, तेवढंच शिक्षण. पण माणसाला इंजिनची नाडी कळायची. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. डोळे उघडले की एकच वाक्य, “बेअरिंग गेलंय,” नाहीतर “टॅपेट सैल आहे.” खोललं की तेच निघायचं. लोक बदलापूर गावातून, कुळगावातून यायचे, दारातली दोन गॅरेजं सोडून. म्हणायचे, मिस्त्रींनी कान लावला की गाडी स्वतः बोलते. मला काय, घर चालत होतं. मी उल्हासनगरहून जीन्सची बोचकी आणायची, घरी बसून शिलाईचे लोंबते धागे कापायचे, परत नेऊन द्यायची. दोघांचं मिळून बरं चाललं होतं.

आधी कळलं ते विहारात. रविवारी वंदनेला सगळे तिसऱ्या ओळीवर पोचले, तर आमचे मिस्त्री अजून दुसरीच ओळ म्हणतायत, तीही खणखणीत आवाजात. बायका हसल्या. मी म्हटलं, झोप झाली नसेल. मग एकदा कुकर लावून मी पाण्याच्या नळावर गेले. सांगून गेले, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. परत आले तर गल्लीभर करपल्याचा वास, आणि हे कुकरच्या शेजारी बसून पेपर वाचतायत. शेजारी! मी कपाळाला हात लावला.

“अहो, शिट्टी ऐकू नाही आली?”

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग कुकरकडे. मग पेपरची घडी घालायला लागले. बराच वेळ घातली.

“बारीक आवाज येत नाहीत,” म्हणाले. “ठोके येतात. शिट्टी, सू, किणकिण, हे नाही येत. कोणाला बोलू नकोस.”

“डॉक्टरकडे चला.”

“डॉक्टरकडे गेलो की लोकांना कळेल. कान गेलेला मिस्त्री आणि चव गेलेला आचारी, कोण ठेवतं गं कामाला?”

खरंच होतं ते. त्यांचा कान हीच आमची भाकर. तो गेलाय हे बाहेर फुटलं, की गाळ्याला कुलूप. त्या दिवसापासून आमच्या घरात हा एकच घोर होता.

जुन्या गाड्या होत्या तोवर निभावलं. जुनं डिझेल इंजिन ठोके मारतं, बिघडलं तरी ठोके मारूनच सांगतं. पण मग तिकडे पालेगावात जमिनी विकल्या जायला लागल्या. शेतात बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांच्या पोरांच्या दारात नव्या टर्बोच्या गाड्या. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. मला हे सगळं आता पाठ आहे, कारण नंतर कित्येक दिवस मिस्त्री तेच उगाळत बसले होते. तो पंखा चांगला चालला की बारीक शीळ घालतो, आणि कुठे हवा गळत असली की सू करतो. म्हणजे नेमके तेच आवाज जे आमच्या माणसाला येत नव्हते! आता बोला. नशीब फुटकं म्हणतात ते याला.

तरी ते स्क्रूड्रायव्हर लावायचेच. गिऱ्हाइकाला तसं लागायचं. डोळे मिटून उभे राहायचे, आणि मला लांबूनच कळायचं की आत काहीच पोचत नाहीये. मग चाचपून, हुंगून, कसंतरी काम काढायचे.

एक दिवस घरी आले ते लहान पोरासारखे. उल्हासनगरला कॅम्पातल्या सिंधी सेठच्या दुकानात त्यांनी बूस्ट मीटर बघितलं होतं. गोल डबी, आत काटा. टर्बो किती हवा कोंबतोय ते काटा दाखवतो. “यशोधरा, शीळ डोळ्यांनी दिसते गं त्याच्यात!” असं म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. जेवण थंड झालं तरी बोलतच होते. प्रत्येक टर्बोच्या गाडीत हे मीटर बसवायचं, गिऱ्हाइकाला सांगायचं फॅशन आहे, शान आहे, आणि आपण आपला काट्यावरून आजार ओळखायचा. कान नसले तर नसले. मला वाटलं, चला, बुडत्याला काडी मिळाली.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते अल्पेश. पालेगावचे हरिचंद्र तात्या आहेत ना, त्यांचा पोरगा. तात्यांच्या आज्याने मिठागरात मीठ ओढलं, बापाने भातशेती केली, आणि अल्पेश गळ्यात जाड साखळी घालून टर्बोची मोठी गाडी फिरवायचा. पोरगा वाईट नव्हता. दिखाव्याचा शौक, बस. मिस्त्रींनी सांगितलं, काचेशेजारच्या आतल्या खांबावर मीटर बसवू, दाबली गाडी की काटा उडतो, लाल लाइट लागतो. अल्पेश म्हणाला, “लावा बिनधास्त! अख्ख्या बदलापुरात कोणाकडे नसेल ना?”

बसवलं त्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन तिथेच होते. काम काय असतं ते सांगते. टर्बोने हवा फार कोंबली तर इंजिन फुटेल, म्हणून त्याला आवर घालणारी एक झडप असते. हवा किती झाली हे त्या झडपेला एका बारीक नळीतून कळतं. मिस्त्रींनी तीच नळी मधे कापून तिला तीन तोंडांचा जोड लावला. एक तोंड टर्बोकडे, एक झडपेकडे, आणि तिसऱ्यातून नवी नळी काढून, पत्र्याच्या भोकातून आत घेऊन, मीटरला. नळी चांगली होती, सेठने असली माल दिला होता. मीटरही असली.

जोड मात्र त्यांनी तारेने बांधले. ही कारखान्याची सवय. क्लिपवर त्यांचा विश्वास नाही. नळीवर तारेचे दोन वेढे द्यायचे आणि पक्कडने पीळ घालायचा. पीळ किती? तर तार करकरली की थांबायचं. करकरण्याच्या पुढे एक पीळ गेला की तार रबरात रुतते. प्रेसवर होते तेव्हापासून हजारो जोड त्यांनी त्या करकरीवर बांधले असतील. कधी एक फुटला नाही.

आता तुम्हाला कळलंच असेल. करकर बारीक आवाज आहे.

मीही काही ऐकलं नाही, रस्त्यावर ट्रक चालले होते आणि मला त्यातलं कळतं काय? मला एवढंच दिसलं की मिस्त्री पीळ घालतायत आणि घाम पुसतायत. अल्पेशने गाडी दाबली, काटा झर्रकन वर गेला. मिस्त्री त्या काट्याकडे असे बघत होते, की माझ्याकडे लग्नातसुद्धा कधी तसं बघितलं नसेल. घरी येताना त्यांनी जिलेबी आणली.

पुढच्या दिवसांत इंजिनच्या गरमीने नळी मऊ झाली आणि रुतलेल्या तारेने ती चिरली. चीर नखाएवढी. अल्पेश तक्रार घेऊन आला, सोबत तात्याही होते. “मिस्त्री, काटा पहिल्यासारखा वर जात नाही, अर्ध्यावरच अडकतो.” मी तेव्हा बोचकं पोचवायला उल्हासनगरला गेले होते. हे सगळं मला नंतर थोडं तात्यांनी, थोडं मिस्त्रींनी सांगितलं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. अल्पेश आत बसून गाडी दाबत होता आणि काटा निम्म्यावरच. दुसरा कोणी असता तर त्याने वाकून कान दिला असता, आणि झालं असतं काम. चिरेतून हवा सू सू करत होती. रस्त्याच्या कुत्र्यालाही ऐकू येत असेल. पण मिस्त्री ऐकणार कशाने? ते काट्यावर विश्वास ठेवून बसले. काटा कमी, म्हणजे हवा कमी, म्हणजे झडप लवकर उघडते. ती उशिरा उघडावी म्हणून त्यांनी झडपेची सळई आवळली.

आणि खरं काय होतं? हवा कमी नव्हतीच. चिरेतून गळत होती म्हणून मीटरला कमी कळत होती, झडपेलाही कमी कळत होती. टर्बो आधीच जास्त कोंबत होता. त्यात यांनी आवर घालणारी झडपच आवळून टाकली. काटा मात्र परत जागेवर आला. मिस्त्री खूश.

तात्या शेजारीच उभे होते. म्हातारा माणूस, इंजिनातलं काही कळत नाही, पण कान शाबूत. त्यांनी विचारलं, “मिस्त्री, यो सू सू आवाज कसला रं? बराबर हाय नं?”

मिस्त्री खाली वाकलेले. तात्यांचं तोंड दिसलं नाही, नुसता कोणीतरी काहीतरी विचारतंय एवढं जाणवलं. ज्यांना ऐकू येत नाही आणि ते लपवायचं आहे, ती माणसं काय करतात माहीत आहे? मान डोलावतात. मिस्त्रींनी मान डोलावली, म्हणाले, “हो हो, एकदम बरोबर.”

चैत्रात तात्यांच्या घरची माणसं कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला निघाली. अल्पेश गाडी चालवत होता, पुढे तात्या, मागे तात्यांची बायको सखूबाई, सून जिज्ञासा, तिच्या मांडीवर तान्हं, आणि नारळांची गोणी. खोपोली सोडली आणि घाट लागला. भरलेली गाडी, उभा चढ, पोराने दाबली. काटा जागच्या जागी, म्हणून तो निर्धास्त. टर्बोचा पंखाच फुटला. तुकडे इंजिनात गेले, तेल आत गेलं, पांढऱ्या धुराने रस्ता दिसेना आणि गाडी वळणावर मरून पडली. मागचा ट्रकवाला भला होता, त्याने आपला ट्रक डोंगराच्या बाजूला घासत थांबवला. नाहीतर आज मी हे सांगायला बसले नसते, तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी टोचन लावून गाडी आमच्या गॅरेजसमोर आणली. अल्पेश, त्याचे दोस्त, तात्या, आणि तमाशा बघायला अर्धा रस्ता. अल्पेशचे डोळे लाल. “माझं पोर होतं गाडीत, मिस्त्री! काय करून ठेवलंत तुम्ही?”

मिस्त्री त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग बॉनेट उघडलं आणि नळीवरून बोट फिरवत गेले. जोडापाशी बोट थांबलं. तिथेच थांबून राहिलं.

आमच्या शेजारचा अनंता, रेडिएटरवाला, वस्ताद माणूस. तो पटकन पुढे झाला. “अरे अल्पेश, मीटरच डुप्लिकेट असणार रे! कॅम्पातला माल, तिथे औषधाची गोळीपण डुप्लिकेट मिळते. काय मिस्त्री, बरोबर ना?” आणि त्याने मिस्त्रींच्या समोर येऊन, त्यांना दिसेल असं, हळूहळू सांगितलं, “मी-टर डु-प्लि-केट!” मला तेव्हा समजलं की अनंताला सगळं माहीत होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे.

अल्पेशला ते पटलं. पोराला राग काढायला कोणीतरी पाहिजे होतं. “त्या सेठचं दुकान फोडतो आजच. बोला मिस्त्री, त्यानेच दिलं ना डुप्लिकेट?”

एक मान हलवायची होती. फक्त एकदा. आयुष्यभर नको तिथे हलवली, आज हलवली असती तर सगळं वाचत होतं. गॅरेज वाचत होतं, नाव वाचत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा, अहो, हो म्हणा.

मिस्त्री सरळ उभे राहिले. “मीटर असली आहे,” म्हणाले. “तार माझ्या हातून जास्त पिळली गेली, तिने नळी चिरली. हवा गळत होती, ती मला ऐकू आली नाही. माझे कान गेलेत. दोन-तीन वर्षं झाली.”

तात्यांनी हळूच विचारलं, “मंग मी इचारलं तवा बराबर हाय बोल्लास ती?”

“तेही ऐकू आलं नव्हतं, तात्या.”

“आरं बाबा,” तात्या म्हणाले, “माझा नातू व्हता आत.”

कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. अल्पेशचा हात उचललेला होता, तो तसाच खाली आला. मारलं असतं तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, चार दिवसांनी मिटलंही असतं. त्यांनी गाडी टोचन करून दुसरीकडे नेली आणि गर्दी पांगली, मयतीवरून पांगते तशी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शटर ओढलं आणि जे तोंड सोडलं! “हरिश्चंद्राचा अवतार लागून गेलात काय? पंचशील सगळेच म्हणतात रविवारी, गॅरेजात कोण पाळतं? सेठ तुमचा कोण लागतो? उद्या चुलीवर काय ठेवू, तुमचं खरं?” बोलून बोलून माझा घसा बसला. ते हात धूत होते. काळं तेल निघेपर्यंत धूत राहिले.

पुढे काय होणार ते शेंबड्या पोरालाही कळेल. पहिल्या आठवड्यात लोक दिलाशाला आले, दुसऱ्यात कामाला कोणीच नाही. जुनी गिऱ्हाइकं समोरून गाडी काढायची नाहीत, लांबून वळून जायची. त्यांना लाज वाटायची, आमची. दिसले कुठे तर मिस्त्रींशी बोलायचेच नाहीत, माझ्याशी बोलायचे, “वहिनी, बिचाऱ्यांना सांगा, काळजी घ्या म्हणावं.” माणूस समोर उभा असताना! पावसाळ्याआधी गाळा सोडला. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.

मिस्त्री घरी बसले. काही दिवस नुसते भिंतीकडे बघत होते. मग एक दिवस माझ्या बोचक्यातली एक जीन्स ओढली, कात्री घेतली आणि धागे कापायला लागले. इंजिन खोलणारे हात ते. माझ्यापेक्षा सफाईने कापतात, टाका कधी दुखवत नाहीत. मी बघितलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

त्याच दिवसांत एकदा, ते माझ्याकडे पाठ करून धागे कापत बसले होते तेव्हा, मला राहवलं नाही. मी भाकऱ्या थापत होते. म्हटलं, “तुम्ही त्या दिवशी खरं बोललात ते बरं केलंत. सेठची पोरंबाळं आहेत. मला तेव्हा राग आला, पण माझा नवरा खोटा नाही, एवढं तर माझ्याकडे आहे.” असं गोड बोलणं माझ्या तोंडाला सवयीचं नाही. उत्तर आलं नाही. मी समजले, अजून रुसलेत. रुसू द्या.

अनंताच्या ओळखीने उल्हासनगरला सरकारी दवाखान्यात कान तपासायला नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावतात. डॉक्टरीण बाई तरुण होती, शांत बोलायची. तिने कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. म्हणाली, आतल्या नसा मेल्यात, मशीन लावलं तर गोंगाट मोठा होईल, बोलणं कळणार नाही. मी विचारलं, मग माझं बोलणं त्यांना कळतं ते कसं?

“ते तुमचे ओठ वाचतात,” बाई म्हणाली. “यात बायकांचा आणि मुलांचा आवाज सगळ्यात आधी जातो. तुमचा आवाज त्यांना बरीच वर्षं झाली, आला नसणार.”

मी अख्ख्या गल्लीला सांगत आले, आमच्या मिस्त्रींसारखा शांत माणूस नाही, मी एवढी आग ओकते, पण एका शब्दाने उलटून बोलत नाहीत. घ्या! अहो, बायकोचं भांडणही ज्याच्यापर्यंत पोचत नाही, त्याच्याशी संसार कसला केला मी? भिंतीशी? आणि ते पाठमोरं एक गोड बोलणं, तेही गेलं वाऱ्यावर.

घरी आल्यावर ठरवलं, समोर बसून सांगायचं. ओठ तर वाचतात ना? ते धागे कापत होते, मी चांगला उजेड बघून समोर बसले. म्हटलं, “अहो.” मान खालीच. परत म्हटलं, मोठ्याने. शेजारीण डोकावली, पण यांची मान काही वर येईना. गॅरेज होतं तोवर हा माणूस प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, एक शब्द सुटू नये म्हणून. आता लपवायचं काही उरलं नाही, तसं बघायचंही उरलं नाही.

शेवटी खांद्यावर हात ठेवला. त्यांनी कापून झालेली जीन्स घडी करून बाजूला ठेवली, आणि मान वर न करताच पुढच्या जीन्ससाठी हात पसरला.